दोराच्या टोकाची गाठ

नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झाला, अलंग-मदन-कुलंगचे कातळटप्पे दोर लावून पार केले, आणि आता वानरलिंगी, तैलबैला, लिंगाणा हे सुळके-कडे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. हार्नेस कसा चढवायचा, बिले म्हणजे काय, स्क्रूगेट कॅरॅबिनरचा स्क्रू का फिरवायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. बोलायचंय ते उतरण्याबद्दल, म्हणजे रॅपलिंगबद्दल, आणि त्यातही मुख्यतः दोराच्या खालच्या टोकाबद्दल.

नवीन माणूस सगळी ताकद चढाईच्या तयारीत घालवतो. बोटांची पकड, बूट, चिमणी क्लाइंब, ट्रॅव्हर्सवरचं दृष्टीभय. हे सगळं हवंच. पण चढताना पाय निसटला तर बिलेयर, म्हणजे तुमचा दोर सांभाळणारा, धरतो, चार-सहा फूट खाली येता, गुडघा सोलवटतो, पुन्हा चढता. उतरताना तुमचं सगळं वजन पहिल्या सेकंदापासून दोरावर, अँकरवर (कातळात दोर जिथे बांधला आहे त्या आधारावर) आणि तुमच्या एका हातावर असतं. तिथे झालेली चूक झेलायला बहुतेक वेळा कोणी नसतं. त्यात माथ्यावर फोटो झालेले, पाणी संपत आलेलं, ऊन कलायला लागलेलं. डोकं सैल पडतं ते नेमकं याच वेळी.

आता टोकाबद्दल. ज्यांना हे फार ताणल्यासारखं वाटेल त्यांनीही कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

सुळक्यावरून उतरताना दोर अँकरच्या रिंगमधून ओवून दुहेरी सोडतात, म्हणजे खाली पोचल्यावर एक बाजू ओढून तो परत मिळतो. 60 मीटरचा दोर दुहेरी केला की 30 मीटर उरतो, शंभर फुटांपेक्षा किंचित कमी. आपल्याकडे कड्याची उंची बोलतात फुटांत आणि दोर विकत घेतात मीटरमध्ये. पहिला घोटाळा इथेच होतो. "टप्पा एकशेवीस फुटांचा आहे, दोर साठचा आहे, आरामात पुरेल" हे वाक्य कानाला बरोबर वाटतं. हिशेब करा. 120 फूट म्हणजे साडेछत्तीस मीटर. दुहेरी दोर 30 मीटरवर संपतो. खाली साडेसहा मीटर, म्हणजे दोन मजल्यांएवढी मोकळी हवा आणि त्याखाली दगड. वरून वाकून बघितलं तर कड्याच्या पोटाच्या फुगवट्याआड टोक दिसतच नाही.

दुसरा घोटाळा मधल्या खुणेचा. दोराच्या मध्यावर कंपनीची खूण असते आणि सगळे तिच्यावर विसंबतात. पण दोराचं एक टोक झिजलं म्हणून कोणीतरी मागच्या वर्षी तीन मीटर कापलेलं असतं, आणि खूण आपली जुन्याच जागी. मग एक बाजू 30 मीटर, दुसरी 27. उतरणारा आखूड बाजूच्या टोकापर्यंत आला की ते टोक डिसेंडरमधून, म्हणजे दोर घासून वेग आवरणाऱ्या हार्नेसवरच्या कड्यातून, सटकतं. त्याच क्षणी त्याचं वजन फक्त लांब बाजूवर येतं, तिला वर धरून ठेवणारं काहीच उरत नाही, दोर रिंगमधून सळसळत निघतो आणि माणूस दोरासकट खाली जातो. अँकर शाबूत, दोर शाबूत, हार्नेस शाबूत. यात काहीही तुटलेलं नसतं, म्हणून तर ही चूक सामान तपासून सापडत नाही.

म्हणून खुणेवर विसंबू नका. दोन्ही टोकं एकत्र हातात धरून तिथून दोर सरकवत मध्यापर्यंत या. पाच मिनिटं लागतात. आणि दोर खाली सोडण्याआधी दोन्ही टोकांना गाठ मारा. आधी, नंतर नाही. "खाली सोडला की बघू" म्हटलं की ती गाठ राहते.

गाठही साधी नको. आठच्या आकाराच्या डिसेंडरचं मोठं कडं बरंच रुंद असतं, साधी गाठ त्यातून ओढली जाऊ शकते. टोकापासून हात-दीड हात अंतरावर सुरुवात करा, टोकाकडच्या भागाने दोरालाच एकावर एक तीन वेढे घ्या, टोक त्या वेढ्यांच्या आतून ओवा आणि करकचून आवळा. दोर जोडायच्या डबल फिशरमन गाठीच्या अर्ध्या भागासारखीच ही गाठ, फक्त वेढा एक जास्त. गाठीनंतर निदान 30 सेंटिमीटर शेपूट मोकळं राहू द्या. दोन्ही टोकांना वेगवेगळी गाठ मारा. दोन्ही टोकं एकत्र बांधली तर दोराला पीळ पडतो आणि तो खाली जमा होत जातो.

यावर आक्षेप ठरलेला असतो. गाठ करवंदीच्या जाळीत अडकते. हो, अडकते. कड्याच्या मधल्या झुडपात, खाचेत अडकते आणि पहिल्या माणसाला उतरताना ती सोडवावी लागते. त्यावर उपाय म्हणजे दोर भिरकावायचा नाही. पहिल्याने दोराच्या दोन्ही बाजू भरलेल्या पिशव्या हार्नेसला लटकवून उतरत उतरत दोर सोडत जायचं. गाठ न मारणं हा उपाय नव्हे. वेळ जातो म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की दोन गाठींना मिळून एक मिनिट लागतं.

टोकाचीच आणखी एक खोड. डायनॅमिक दोर वजनाने ताणला जातो. उतरणारा मधल्या अरुंद कपारीवर पोचून डिसेंडर काढतो, वजन सुटतं आणि टोक वर उडून हाताबाहेर जातं. कपारीवर पोचलात की आधी स्वतःचा सेल्फ, म्हणजे तुम्हाला अँकरला बांधून ठेवणारी स्लिंग (मजबूत पट्टी), अँकरला लावा, मग दोर अँकरला अडकवा, आणि मगच डिसेंडर सोडवा.

गाठीच्या जोडीला प्रूसिक, म्हणजे दोराभोवती वेढलेला, वजन आलं की आवळणारा दोरीचा फास. 6 मिमीची दोरी, साधारण दीड मीटर, डबल फिशरमनने जोडून फास केलेला. 10 ते 10.5 मिमीच्या दुहेरी दोरावर डिसेंडरच्या खाली तीन-चार वेढे, आणि दोन्ही टोकं हार्नेसला कॅरॅबिनरने. हात सुटला, दगड लागला, भोवळ आली, तर हा वेढा आवळतो आणि तुम्ही तिथेच थांबता. पण एक अट आहे, तो डिसेंडरला टेकता कामा नये. टेकला की डिसेंडर त्याला दाबून सैल ठेवतो आणि मग तो असून नसल्यासारखा. म्हणून डिसेंडर हार्नेसवर थेट न लावता स्लिंगने छातीच्या उंचीला घ्या. वेढे किती हे दोर आणि दोरीच्या जाडीवर ठरतं. जमिनीपासून चार फुटांवर लटकून दोन्ही हात सोडून बघा. सरकलात तर एक वेढा वाढवा.

आणि सेल्फ काढायचा क्रम. डिसेंडर लावला, प्रूसिक लावला, आता सेल्फ अजून अँकरलाच असताना मागे झुकून पूर्ण वजन डिसेंडरवर टाका. सेल्फची स्लिंग सैल पडली पाहिजे. हार्नेसचं बक्कल, कॅरॅबिनरचे स्क्रू, दोराच्या दोन्ही बाजू डिसेंडरमधून गेल्यात का, सगळं हात लावून बघा. केस, ओढणी, टी-शर्टचं टोक, हेल्मेटचा लोंबणारा पट्टा आत खोचा. डिसेंडरमध्ये केस ओढले गेले की माणूस अधांतरी अडकतो आणि वजन उचलल्याशिवाय सुटका होत नाही. हे सगळं झालं की सेल्फ काढा.

भीतीबद्दल. कड्याच्या ओठावरून मागे झुकताना पोटात गोळा येतो, पाय लटपटतात, आणि आपल्यालाच हे होतंय असं वाटतं. सगळ्यांना होतं, वर्षानुवर्षं चढणाऱ्यांनाही. तिथे घाई करू नका. पाय खांद्याएवढे फाकवा, तळवे कातळावर सपाट, गुडघे किंचित सैल, आणि बूड खाली जाऊ द्या. ताठ उभं राहायचा प्रयत्न केला की पाय घसरतात आणि तोंड कातळावर आपटतं. ब्रेकचा हात कमरेपाशी, आणि तो कशासाठीही सोडायचा नाही. चेहऱ्यावर माशी बसली तरी नाही. सिनेमातल्यासारख्या उड्या मारू नका. प्रत्येक उडीला अँकरवर झटका बसतो आणि दोर काठावर घासतो. पहिल्या दहा-बारा वेळा वरून वेगळा बिले मागून घ्या. त्यात कसलाही कमीपणा नाही. खाली उभ्या असलेल्या माणसाने नुसता दोर ताणला तरी उतरणारा थांबतो, हेही एकदा जमिनीवर करून बघा, म्हणजे मनाला धीर येतो.

अँकरबद्दल थोडक्यात, कारण तो विषय जाणत्याच्या हाताखालीच शिकायचा. सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबूस, मातकट पट्टा असतो, त्यात ठोकलेल्या मेखेवर अजिबात भरवसा नको. हातोडीने कातळ ठोकून बघा. टणटणीत आवाज आला तर बरं, ढबढब वाजला तर आत पोकळी आहे. जुनी मेख दिसली म्हणजे ती चांगली असं नाही. चार पावसाळे खाल्लेल्या मेखेभोवतीचा दगडच सैल होतो. कमीत कमी दोन स्वतंत्र बोल्ट, आणि त्यांना जोडणाऱ्या स्लिंगमधला कोन 60 अंशांच्या आत. 120 अंशांवर प्रत्येक बोल्टवर जवळजवळ पूर्ण वजन येतं, म्हणजे दोन लावूनही फायदा शून्य. दोर जिथे काठावर घासतो तिथे गोणपाट किंवा जाड सॅक घाला.

गवताला धरू नका. पावसाळ्यानंतर कपारीतलं गवत हिरवंगार आणि घट्ट दिसतं, पण मुळाशी दोन बोटं माती असते. आणि आग्या मोहोळ. पोळं दिसलं तर तो कडा त्या दिवशी सोडा. धूर, अत्तर, आरडाओरडा तर लांबच. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

आता शिकवणाऱ्यांबद्दल माझं ठाम मत आहे, पटलं नाही तरी ऐकून घ्या. व्हिडिओ बघून गाठ शिकता येते, पण ती चुकल्यावर कशी दिसते हे समोर बसलेला माणूसच दाखवतो. तो माणूस कसा पारखायचा? तुमचं बक्कल तो लांबून बघतो की हात लावून, आणि स्वतः उतरण्याआधी तुम्हाला "माझंही बघ" म्हणतो का, एवढं पाहा. पन्नास जणांची बॅच एका दोरावर उतरवणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. बारा जण असले आणि प्रत्येकाला दहा मिनिटं लागली तरी एका टप्प्याला दोन तास जातात. असे चार टप्पे असतील तर हिवाळ्यात सव्वासहाला मावळणाऱ्या सूर्याशी तुमचा मेळ बसत नाही. हेडटॉर्च म्हणूनच प्रत्येकाकडे हवा, मोबाईलचा उजेड चालणार नाही.

उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन पर्वतारोहण संस्थेत बेसिक कोर्स करता आला तर जरूर करा. सुमारे चार आठवडे द्यावे लागतात. पुढे ॲडव्हान्स करायचा असेल तर बेसिकला 'अ' श्रेणी हवी, म्हणून धावण्याची आणि ओझं घेऊन चालण्याची तयारी आधीच करून जा. पण कोर्स झाला म्हणजे लिंगाणा सोपा झाला असं नाही. तिथला बर्फ आणि इथला सुटा दगड यांची वागणूक वेगळी. आणि कोर्स परवडत नसेल, सुट्टी मिळत नसेल, तर खट्टू होऊ नका. मुंब्र्याच्या कातळभिंतींवर किंवा पुण्या-मुंबईतल्या कृत्रिम भिंतींवर वर्षभर नेमाने गेलात तर हात आणि डोळा दोन्ही तयार होतात.

जुना दोर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. त्याने किती झटके खाल्लेत, कोणत्या गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी तो पडून होता, हे दोराकडे बघून कळत नाही. ॲसिडने आतले धागे गेले तरी वरचं कवच नवंच दिसतं. न वापरलेला दोरसुद्धा दहा वर्षांनी बाद करायचा असतो. दर मोहिमेनंतर अख्खा दोर बोटांतून सरकवत न्या. कुठे मऊ, चपटा किंवा एकदम ताठ लागला तर तिथे आत काहीतरी बिघडलंय.

शेवटचा माणूस उतरला की दोर ओढायचा. इथे ती गाठ आठवणीने सोडायची, दोन्ही टोकांची. सोडली नाही तर वर जाणारी गाठ रिंगमध्ये अडकते आणि ती काढायला कोणाला तरी भरवसा नसलेल्या दोरावरून पुन्हा वर चढावं लागतं. दोन दोर जोडून उतरला असाल तर वरची जोडगाठ रिंगच्या कोणत्या बाजूला आहे हे निघण्याआधी मोठ्याने बोला. "लाल ओढायचा, लाल!" आणि खालच्यांनी ते परत म्हणायचं. पहिला माणूस खाली पोचल्याबरोबर त्याने हातभर दोर ओढून तो सरकतोय का ते बघायचं, वर अजून माणसं असतानाच. दोर अडकत असेल तर तेव्हाच कळतं, आणि तेव्हा तो वरून नीट करता येतो.