दिवाळीच्या सुट्टीत बर्फात निघालात? या चुका टाळा

दसरा झाला की नागपुरातल्या ट्रेकिंग ग्रुपांत हिमाचल-उत्तराखंडचे बेत शिजायला लागतात. रिझर्व्हेशन झालेलं असतं, सीताबर्डीवरून जॅकेट आणलेलं असतं, आणि हिमस्खलनाचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं: "आता कुठे बर्फ आहे? ते जानेवारीत."

सगळ्यात जीवघेणी चूक हीच. उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली ती ४ ऑक्टोबर २०२२ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. पंचवीसहून जास्त जीव गेले. ते हौशी पर्यटक नव्हते, प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी होते.

सुरुवातीचा बर्फ थोडा असतो, म्हणूनच तो कच्चा असतो. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास, वर रात्रीची कडाक्याची थंडी, आणि मध्ये जेमतेम दीड-दोन फुटांचा थर. या फरकामुळे थरातली वाफ वर सरकत राहते आणि तळाचे कण साखरेच्या दाण्यांसारखे सुटे होतात. मुठीत दाबा, गोळा होत नाही. त्यावर नवा बर्फ पडतो आणि वारा त्याची घट्ट लादी करतो. वरून उतार मजबूत दिसतो, पण त्याला पाया नसतो. माणसं दगावतात ती बहुतेक हिमस्खलनं त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने सुटलेली असतात.

एका नोव्हेंबरात हिमाचलमध्ये खिंडीखाली आमचा मुक्काम होता. रात्रभर बर्फ पडला, सकाळी लख्ख ऊन. पोरं उतावीळ झाली. "काऊन थांबलो भाऊ? मौसम तर मस्त आहे!" त्यातला एक जण वाट सोडून सपाटीवरच चार पावलं पुढे गेला, आणि पायाखालून 'वुम्फ' असा दबका आवाज आला. बर्फ बोटभर खाली बसला आणि त्याच्या बुटापासून एक भेग सरळ उताराच्या दिशेने पळाली. आतला थर कोसळल्याची याहून स्पष्ट खूण नाही. मी तिथूनच सगळ्यांना मागे फिरवलं. दोघे दिवसभर तोंड फुगवून बसले होते. तो उतार नंतर सुटला की नाही हे बघायला आम्ही थांबलो नाही.

जोरदार बर्फ किंवा वारा झाला की मी दोन दिवस हलत नाही, ऊन कितीही पडो. त्यासाठी परतीचं तिकीट आधीच दोन दिवस पुढचं काढतो. सुट्टी संपतेय म्हणून खिंड ओलांडणाऱ्यांना मी सोबत घेत नाही.

दुसरी चूक बीकनची, म्हणजे बर्फाखाली गाडलेला माणूस कुठे आहे ते सिग्नलवरून शोधून देणाऱ्या छोट्या यंत्राची. भाड्याने आणतात आणि सॅकमध्ये ठेवतात! बीकन अंगावर, जॅकेटच्या आत, पट्ट्याने बांधलेलं आणि चालू हवं. गाडलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. पुढे शक्यता झपाट्याने घसरते. खालून मदत येईस्तोवर उशीर झालेला असतो, त्यामुळे शोधायचं सोबत्यांनीच. बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि धातूचं फावडं, तिन्ही प्रत्येकाकडे हवं. फोन बीकनपासून लांब ठेवा, सिग्नल बिघडतो. आणि नागपुरात बर्फ नाही ही सबब सांगू नका. कन्हान नदीच्या कोरड्या वाळूत डब्यात बीकन पुरा, घड्याळ लावा, शोधा आणि खणा. वाळू उपसताना दम किती लागतो ते तिथेच कळू द्या.

उताराचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका. ३० ते ४५ अंशांचे उतार सगळ्यात धोक्याचे. रामटेकच्या टेकडीवर आधी अंदाज सांगा, मग फोनमधल्या कोनमापकाने मोजा. डोळा तयार होतो. तुम्ही सपाटीवर असलात तरी वर तसा उतार असेल तर तिथे डबा उघडू नका, फोटोला घोळका करू नका. संशयास्पद जागा एकेकाने पार करा, बाकीच्यांनी आडोशाच्या जागेवरून नजर ठेवायची.

आधीचे पाऊलठसे म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नव्हे.

चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था हिमालयी राज्यांसाठी हिमस्खलनाचा इशारा देते. निघण्यापूर्वी तो वाचा.

आणि स्थानिक गाईड "आज नहीं" म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्या दिवसाची पूर्ण मजुरी त्याच्या हातात ठेवा आणि तंबूत परत जा.