मृत्यूची भीती नेमकी कशाची आहे, हे कसे ओळखावे

मृत्यूचे भय सर्वांनाच असते असे आपण म्हणतो. पण प्रत्येकाला भय वाटते ते एकाच गोष्टीचे नसते, आणि म्हणूनच धीर देण्याआधी समोरच्याची भीती नेमकी कोणती आहे, याचा शोध घ्यावा. कोलेट आणि लेस्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ साली मांडलेल्या मापनश्रेणीत स्वतःचे नाहीसे होणे, स्वतःला मरताना होणारा त्रास, जिवलगाचे जाणे आणि त्याचा त्रास पाहावा लागणे अशा चार भीती वेगळ्या मोजल्या जातात. यांपैकी कोणती भीती मनात आहे हे कळण्यासाठी ‘तुम्हाला सर्वांत जास्त काळजी कशाची वाटते?’ एवढेच विचारावे आणि उत्तर येईपर्यंत शांत राहावे.

वृद्धांबाबत आपला अंदाज हमखास चुकतो. मृत्यू जवळ आला म्हणजे भीती वाढत असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तरुण आणि मध्यमवयीन माणसांच्या तुलनेत वृद्धांमध्ये मृत्यूची भीती बहुधा कमी आढळते, आणि त्यांना अधिक छळते ती वेदनांची, परावलंबी होण्याची व इतरांवर भार पडण्याची चिंता. अशा वेळी ‘तुम्ही शंभरी गाठाल’ असे म्हणणे म्हणजे त्यांचे बोलणेच थांबवणे होय. त्याऐवजी वेदनाशमनाची सोय काय आहे, शेवटचे दिवस कुठे घालवावेसे वाटतात आणि स्वतःला बोलता येईनासे झाले तर उपचारांचे निर्णय कोणी घ्यावेत, हे त्यांना विचारावे. ज्या वृद्धांना शारीरिक आजार वा मानसिक त्रास अधिक आहे, किंवा आयुष्य वाया गेले असे वाटते, त्यांच्यात मृत्यूची भीती जास्त दिसते. त्यांना गतायुष्याविषयी सविस्तर बोलू द्यावे, मध्येच दुरुस्त्या करू नयेत.

लहान मुलांच्या आईवडिलांची भीती बहुतेकदा मुलांच्या भवितव्याची असते. तिथे तत्त्वचर्चेपेक्षा पालकत्वाची सोय आणि मृत्युपत्र यांचा अधिक उपयोग होतो.

अनेक पाहण्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक भीती नोंदवतात. मात्र ही नोंद स्वतःच्या सांगण्यावर आधारलेली असते. तेव्हा गप्प बसलेला पुरुष निर्भय आहे, असे समजू नये. श्रद्धेचेही तसेच आहे. काही अभ्यासांत ठाम आस्तिक आणि ठाम नास्तिक या दोघांपेक्षा मधल्या, दोलायमान माणसांना अधिक अस्वस्थता आढळली आहे, त्यामुळे आपली श्रद्धा किंवा अश्रद्धा कोणाच्याही गळी उतरवू नये.

साधारण पाच वर्षांखालील मुलांना गेलेले माणूस परत येत नाही, हे पुरते उमगत नाही. त्यांना ‘आजोबा झोपले’ असे कधीही सांगू नये, कारण मग मूल झोपेलाच घाबरू लागते. ‘त्यांचे शरीर काम करायचे थांबले, ते आता परत येणार नाहीत’ असे स्पष्ट पण मायेने सांगावे, आणि तोच प्रश्न पुन्हापुन्हा आला तरी तेच उत्तर द्यावे.

भीतीमुळे झोप किंवा जेवण सतत बिघडत असेल, किंवा माणूस दिवसभर शरीरातली लक्षणेच तपासत बसत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट घडवून आणावी. जीव नकोसा झाल्याचे बोलणे कानी आले, तर ती भेट त्याच दिवशी व्हायला हवी, आणि तोवर त्या माणसाला एकटे सोडू नये.