सिगार पेटवण्यापूर्वीचे विधी: कोणते पाळावेत आणि कोणते सोडावेत

काही शौकीन सिगार पेटवण्यापूर्वी ती नळाच्या बारीक धारेखाली धरून सर्व बाजूंनी ओली करतात, काही जण ती कानाशी नेऊन बोटांत फिरवतात, काही जण तिच्यावर तोंडाची वाफ सोडतात, तर काही जण ती दोन दिवस आधीच कोरड्या लाकडी पेटीत नेऊन ठेवतात. प्रथमच पाहणाऱ्याला हे चारही प्रकार सारखेच विचित्र वाटतात. प्रत्यक्षात त्यांतील एक अतिशय उपयोगी आहे, एकाने लाभापेक्षा नुकसान होण्याचाच संभव अधिक आहे आणि उरलेले दोन केवळ विशिष्ट परिस्थितीत अर्थपूर्ण ठरतात. हा फरक कसा ओळखावा आणि सिगार पेटवण्याची तयारी कोणत्या क्रमाने करावी, ते येथे पाहू.

त्यासाठी सिगारची रचना आधी लक्षात घ्यावी लागते. मधोमध धूर देणारी पाने असतात, त्यांना फिलर म्हणतात. त्यांना एकत्र बांधून ठेवणारे पान म्हणजे बाइंडर, आणि सर्वांत बाहेर गुंडाळलेले, दिसायला देखणे व अतिशय पातळ पान म्हणजे रॅपर. तोंडात धरण्याचे टोक पानाच्याच तुकड्याने बंद केलेले असते, ती कॅप. पेटवण्याचे उघडे टोक म्हणजे फूट. पेटवण्यापूर्वीच्या प्रत्येक विधीला एकच प्रश्न विचारावा: त्यामुळे पानांतील ओलावा, सिगारमधून वाहणारी हवा किंवा फूटला लागणारी आच, यांपैकी काही सुधारते का?

एक-दोन दिवस आधी: कोरडी पेटी

माझ्या मते सर्व विधींमध्ये सर्वाधिक गुणकारी विधी हाच आहे, आणि नवख्यांकडून सर्वाधिक दुर्लक्षही याच्याकडे होते. तंबाखूचे पान हवेतील ओलावा घेते आणि सोडते. म्हणूनच सिगार ह्युमिडॉर नावाच्या पेटीत, साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमानात ठेवण्याची पद्धत आहे. साठवणुकीसाठी हे प्रमाण योग्य असले, तरी ७० टक्क्यांच्या आसपास बरेच महिने राहिलेली सिगार ओढताना अनेकदा त्रास देते. फुगलेल्या पानांमुळे हवेची वाट अरुंद होते, आगीची बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते, सिगार मध्येच विझते आणि पुन्हा पुन्हा पेटवल्यामुळे चव कडवट होत जाते.

यावर जाणकारांचा उपाय म्हणजे ‘ड्राय बॉक्सिंग’. ज्या सिगार ओढायच्या आहेत त्या ह्युमिडॉरमधून काढून आर्द्रतेची कोणतीही सोय नसलेल्या रिकाम्या सिगारपेटीत ठेवाव्यात आणि झाकण लावून एक ते तीन दिवस थांबावे. पेटी स्पॅनिश सीडरची असल्यास उत्तम, कारण हे लाकूड जास्तीचा ओलावा हळूहळू शोषून घेते. (हे लाकूड नावाप्रमाणे स्पेनचे नाही आणि खऱ्या सीडरच्या जातीचेही नाही, ते अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात वाढणारे, महोगनीच्या कुळातील झाड आहे.) बाहेरची हवा कोरडी असेल तर एक दिवस पुरतो, दमट असेल तर या उपायाचा फारसा उपयोग होत नाही. सिगार आठवडाभर तशीच विसरून जाणे मात्र टाळावे. अतिकोरडी सिगार भराभर आणि गरम जळते, तिचे रॅपर तडकते, आणि पानांतून एकदा उडून गेलेली सुगंधी तेले पुन्हा ओलावा देऊन परत मिळत नाहीत. लांबच्या प्रवासातून आलेल्या सिगारसाठी घाई याहूनही वाईट. त्यांना ह्युमिडॉरमध्ये किमान दोन आठवडे विसावू द्यावे.

त्या दिवशी: आधी पोट, मग सिगार

भरपेट जेवणानंतरच सिगार घ्यायची, हा अनेकांचा न मोडणारा नियम असतो आणि त्यामागे ठोस कारण आहे. सिगारचा धूर सहसा फुप्फुसांत ओढला जात नाही, परंतु तो क्षारधर्मी असल्यामुळे त्यातील निकोटिन तोंडाच्या आतील अस्तरातूनच रक्तात उतरते. रिकाम्या पोटी मोठी सिगार ओढल्यास घाम, मळमळ आणि चक्कर हा अनुभव अनेकांना येतो. येथेच हेही स्पष्ट सांगायला हवे की एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, आणि धूर आत न घेणाऱ्यालाही तोंड, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका असतो. जेवण असो वा पुढील कोणताही विधी, त्यामुळे हा धोका कमी होत नाही. हा लेख ते जाणून निर्णय घेणाऱ्या प्रौढ वाचकांसाठीच आहे.

बोटांनी, डोळ्यांनी आणि नाकाने तपासणी

अंगठा आणि दोन बोटे यांच्यामध्ये सिगार धरून फूटपासून कॅपपर्यंत हलकेच दाबत जावे. पान किंचित दबून पुन्हा वर यायला हवे. एखाद्या जागी कडक गाठ लागली तर तेथे हवा अडण्याची शक्यता असते. एखादी जागा पोकळ आणि मऊ लागली तर तेथे जळणे एका बाजूला धावते. रॅपरवर टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे दिसली तर ते तंबाखूच्या किड्याचे काम असते, आणि अशी सिगार इतरांपासून ताबडतोब वेगळी करावी.

कानाशी नेऊन सिगार फिरवण्याचा विधी याच तपासणीचा जुना अवतार आहे. चुरचुर ऐकू आली तर पान कोरडे आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. तो अर्थ चुकीचा नाही, परंतु जे बोटांना आधीच कळले तेच ऐकण्यासाठी पातळ रॅपरवर दाब देऊन ते फिरवणे म्हणजे कोरड्या पानाला तडा देण्यास आमंत्रण आहे. हा विधी मी सोडून द्यावा असे म्हणेन.

वास घेणे मात्र सोडू नये, आणि तो दोन ठिकाणी घ्यावा. रॅपरचा वास केवळ बाहेरच्या पानाचा असतो. फूटशी नाक नेल्यावर आतील पानांचा वास येतो आणि तो बहुधा पूर्णपणे निराळा असतो. फूटमधून अमोनियासारखा तिखट, नाकात जाणारा दर्प आला तर पाने अजून मुरलेली नाहीत असे समजावे. किण्वनाच्या काळात तंबाखूतून अमोनिया बाहेर पडत असतो. अशी सिगार पुन्हा ह्युमिडॉरमध्ये ठेवून काही महिने विसरणे हाच खरा उपाय होय.

पाण्याचा प्रश्न

नळाखाली सिगार धुणे, तिच्यावर वाफ सोडणे, ती पूर्ण लांबीभर चाटणे हे तिन्ही विधी एकाच गरजेशी जोडलेले आहेत. ह्युमिडॉर हाताशी नसेल तेव्हा सिगार सुकते, बोट लावताच रॅपर तडकते, आणि बाहेरच्या पानाला थोडा मऊपणा देण्याचा तो तातडीचा मार्ग असतो. धुतलेली सिगार सावकाश आणि थंड जळते असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. परंतु पाणी केवळ रॅपरला फुगवते, आतली पाने तशीच कोरडी राहतात, आणि दोन पाने वेगवेगळ्या वेगाने जळू लागली की जळण्याची रेषा वाकडी होते. नीट साठवलेल्या सिगारला यांपैकी कशाचीही गरज नाही. प्रवासात हातात कोरडी सिगारच असेल, तर दोन-तीन वेळा अंगभर वाफ सोडून मिनिटभर थांबणे हा त्यातल्या त्यात सौम्य उपाय आहे. सिगार मद्यात बुडवण्याचा प्रकार सर्वस्वी टाळावा. ओले झालेले टोक धड पेटत नाही आणि पानाची स्वतःची चव झाकली जाते.

ओलावा उपयोगी ठरतो तो एकाच जागी, कॅपवर. कापण्यापूर्वी पाण्यात भिजवलेले बोट कॅपवर फिरवावे आणि पंधरा-वीस सेकंद थांबावे. मऊ झालेले पान कापताना फाटत नाही. अनेक जण यासाठी ओठांचाच उपयोग करतात. कटर दुसऱ्याच्या मालकीचा किंवा सामाईक असेल तर तसे करू नये, ही साधी स्वच्छतेची बाब आहे.

कापणे आणि कोरडा झुरका

कॅप जेथे सिगारच्या अंगाला मिळते ती बारीक रेषा शोधावी आणि तिच्या वरच, टोकाचा सुमारे दीड ते दोन मिलिमीटर भाग एकाच झटक्यात कापावा. रेषेच्या खाली कापले तर रॅपर उलगडू लागते. हात थरथरत असेल तर दुपाती कटर मेजावर आडवा ठेवावा, सिगार त्यात उभी टेकवावी आणि पाती मिटावीत. सपाट मेजामुळे खोली आपोआप मर्यादित राहते. निमुळत्या टोकाच्या सिगारला ही युक्ती लागू पडत नाही. सिगार वळणारे कारागीर अनेकदा नखानेच कॅप उचलतात, पण त्याला सराव लागतो. विन्स्टन चर्चिल कटर न वापरता लांब काडीने टोकाला भोक पाडत आणि मग दुसऱ्या टोकाने फुंकून हवेची वाट मोकळी झाल्याची खात्री करून घेत. त्यांची फुंक अनुकरणीय आहे. काडीचे भोक तितकेसे नाही, कारण काडीने आतली पाने बाजूला दाबली जातात आणि अरुंद वाटेत डांबरयुक्त ओलावा साचतो.

कापल्यानंतर फूटमधून एक हलकी फुंक मारावी, म्हणजे आतील सुटी भुकटी नंतर तोंडात येत नाही. मग सिगार न पेटवताच एक झुरका घ्यावा. या कोरड्या झुरक्यात दोन गोष्टी कळतात: वाट मोकळी आहे की नाही, आणि न जळलेल्या पानाची चव कशी आहे. हवा अडत असेल तर आधी सापडलेल्या गाठीच्या जागी सिगार दोन बोटांत अगदी हळुवार फिरवावी आणि पुन्हा झुरका घेऊन पाहावा. पेटवल्यानंतर ही दुरुस्ती फार कठीण होते, म्हणून या पायरीवर वेळ खर्च करावा.

सिगारभोवतीचा कागदी पट्टा, म्हणजे बँड, आधी काढावा की नंतर, यावर शौकिनांचे वाद रंगतात. बँड अनेकदा डिंकाच्या ठिपक्याने रॅपरलाही चिकटलेला असतो आणि थंड सिगारवरून ओढल्यास रॅपर फाटते. थोडी सिगार जळल्यावर ऊबेने तो सैल होतो. तोपर्यंत थांबावे.

आच

पूर्ण सिगारवरून ज्योत फिरवून ती शेकण्याचा विधी जुन्या चित्रणांत दिसतो. रॅपर चिकटवण्याच्या डिंकाचा वास घालवणे हे त्याचे कारण सांगितले जाते. आजचा वनस्पतिजन्य डिंक अत्यल्प आणि जवळजवळ बेचव असतो, त्यामुळे या शेकण्याने केवळ रॅपर कोरडे पडते.

शेकायचे ते फक्त फूट. त्यासाठी गंधहीन ब्युटेन लायटर, लांब काडी किंवा सिगारपेटीतील सीडरच्या लाकडाची पातळ पट्टी घ्यावी. पेट्रोलसारख्या इंधनाच्या लायटरचा वास पहिल्या झुरक्यांत उतरतो. काडी वापरल्यास तिच्या टोकावरचे रसायन पूर्ण जळू द्यावे. सिगार साधारण ४५ अंशांत तिरपी धरून तिचे फूट ज्योतीच्या वर, ज्योत त्याला स्पर्श करणार नाही इतक्या अंतरावर आणावे आणि संथपणे फिरवत राहावे. आधी कडा काळवंडते, मग मधला भाग तांबूस होऊ लागतो. सीडरच्या पट्टीने हे काम करताना लाकडाचा मंद सुगंध येतो, आणि केवळ दिखाव्याचा वाटणारा हा विधी मला मनापासून आवडतो, कारण पट्टीची मऊ ज्योत घाई करू देत नाही.

फूटची पूर्ण चकती समान काळवंडली की सिगार तोंडात धरावी, ज्योत जवळ ठेवून फिरवत फिरवत तीन-चार छोटे झुरके घ्यावेत आणि ज्योत दूर करावी. आता फूटवर अलगद फुंकर घालून निखारा पाहावा. एखादा भाग काळाच राहिला असेल तर फक्त तेवढ्याच जागी ज्योत पुन्हा दाखवावी, आणि पहिला पूर्ण झुरका घेण्यापूर्वी एक मिनिट सिगार तशीच हातात राहू द्यावी.