वाद जिंकायची खोड

कंपनी काढण्याआधी सहा-सात वर्षं मी तंत्रज्ञानावर लिहीत होतो. डेटाबेस, बॅकअप, सिंक (वेगवेगळ्या उपकरणांवरचा डेटा एकसारखा ठेवणं) असले कोरडे विषय. कुणी मुद्दा खोडून काढला की उलट मजा यायची. दोन दिवस खपून उत्तर तयार करायचं, समोरचा गप्प झाला की आपण जिंकलो. मग स्वतःचं ॲप बाजारात आणलं, नावापुढे 'सहसंस्थापक' लागलं आणि ही खोड पहिल्याच वर्षी अंगाशी आली. या वाटेवर नव्याने येणाऱ्यांसाठी तो किस्साच आधी सांगतो.

एका ग्राहकाने जाहीर लिहिलं, 'यांनी माझ्या तीन महिन्यांच्या नोंदी गिळल्या. हे ॲप नाही, दरोडा आहे.' रात्री साडेअकराला मी ते फोनवर वाचलं. 'दरोडा' शब्द डोक्यात गेला. तसाच उठून सर्व्हरचा लॉग, म्हणजे कुठल्या खात्यात कधी काय झालं याची नोंदवही, उघडला, त्याचं खातं शोधलं आणि वीस मिनिटांत उत्तर ठोकलं: तुम्ही म्हणता त्या वेळी तुमच्या फोनवरून सिंक झालेलंच नाही, त्याआधीच तुम्ही स्वतः नोंदी पुसल्याचं दिसतंय. पुरावा म्हणून लॉगच्या चार ओळी जोडल्या आणि शांत झोपलो.

सकाळी दोन गोष्टी कळल्या. आमचा लॉग यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत होता आणि त्याचा स्क्रीनशॉट त्याच्या घड्याळाप्रमाणे. मी दोन्ही वेळा तशाच शेजारी ठेवून ताडून पाहिल्या होत्या. पुसल्याची ती ओळही त्याच्या बोटाची नव्हती. त्याच्या जुन्या टॅबलेटचं घड्याळ पुढे होतं, त्यामुळे त्यावरची रिकामी यादी आमच्या सिंकने सर्वांत ताजी मानली आणि भरलेल्या यादीवर चढवली. म्हणजे बग आमचा. तेवढं लोकांनी माफ केलं असतं. पण मी एका ग्राहकाच्या खात्यात डोकावून तिथलं चारचौघांत मांडलं होतं, ते नाही केलं. त्यानंतर हरवलेल्या नोंदींबद्दल क्वचितच कुणी बोललं. जो तो एकच विचारत होता, 'म्हणजे आमचंही असंच वाचता का?'

हे करणारा मी काही पहिला नाही. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना इंटेलची पेंटियम चिप काही भागाकार चुकवते असं आढळलं. ३० ऑक्टोबरला त्यांनी काही जणांना ईमेल केली आणि ती इंटरनेटवर फिरत सुटली. इंटेलचं म्हणणं असं की स्प्रेडशीट वापरणाऱ्या सामान्य माणसाला ही चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल. चिप बदलून हवी असेल, तर तुम्हाला खरंच गरज आहे हे आम्हाला पटवून द्या. आयबीएमने वेगळी गृहीतकं धरून हिशोब केला, तो निघाला २४ दिवसांत एकदा. त्यांनी पेंटियमवाले संगणक पाठवणंच थांबवलं. शेवटी २० डिसेंबरला इंटेलने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं जाहीर केलं. या प्रकरणाचा भुर्दंड ४७.५ कोटी डॉलर. इंटेलचे अभियंते आपल्या गृहीतकांपुरते बरोबरही असतील, पण संभाव्यता विचारली होती कुणी? लोक विचारत होते की माझ्या कामाला ही चूक चालेल की नाही हे ठरवणारे तुम्ही कोण. मीही असाच, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घेऊन धावलो होतो.

दुपारपर्यंत लॉगच्या ओळी हटवल्या, त्याच जागी माफी मागितली, बग काय होता ते लिहिलं. बॅकअपमधून बहुतेक नोंदी परत मिळाल्या.

तेव्हापासून उत्तर लिहितो मी, पण पाठवत नाही. आमच्याकडे ग्राहकांचे फोन घेणारी सहकारी आहे, मसुदा आधी ती वाचते. तिची लाल रेघ ठरलेल्या शब्दांवर पडते: 'खरं तर', 'आमच्या माहितीप्रमाणे', 'तुम्ही नीट पाहिलंत तर'. हे काढल्यावर बऱ्याचदा तीनच वाक्यं उरतात. काय कळलंय, काय करतोय, पुन्हा किती वाजता लिहू. ती वेळ झाली आणि हाती काही लागलेलं नसलं, तरी तेवढं लिहायचं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला आणि बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड कामी आली नाही. सुमारे सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. पण दुरुस्तीची टिपणं त्यांनी सर्वांना खुली ठेवली, काम यूट्यूबवर थेट दाखवलं. लपवाछपवीचा आरोप करायला जागाच ठेवली नाही. मला एवढी छाती नाही, पण वेळ पाळणं जमतं.

लेखातल्या चुकांचं सोपं आहे. दुरुस्ती तारखेसह वरच टाकावी, चूक दाखवणाऱ्याला विचारून त्याचं नाव द्यावं. गुपचूप वाक्य बदललं की कुणाकडे तरी जुना स्क्रीनशॉट असतोच. स्पर्धकाच्या उत्पादनाबद्दल लिहिताना आपण कोणत्या कंपनीचे हे पहिल्या ओळीत सांगावं. 'हे माझं वैयक्तिक मत' या वाक्याचा उपयोग शून्य, कंपनी चालवणाऱ्याचं मत लोक कंपनीचंच धरतात. आणि टोपणनावाने आपलीच बाजू घेऊ नये. आमच्यातल्या एकाने प्रेमापोटी ते केलं आणि त्याच्या लाडक्या शब्दांवरून दुसऱ्याच दिवशी पकडला गेला. शिव्या आणि धमक्या ही टीका नव्हे. स्क्रीनशॉट ठेवा, तक्रार करा, ब्लॉक करा.

ग्राहकाच्या खात्याचा लॉग पाहायचा तर आमच्याकडे आता कारण लिहून दुसऱ्याची परवानगी घ्यावी लागते. मलाही. मागच्या महिन्यात एका रात्री मी ती मागितली. त्या सहकारीचा उलट मेसेज आला, 'त्यांनी मदत मागितलीये, की तुला उत्तर द्यायचंय?'

परवानगी मिळाली नाही.