द्विपद संभाव्यता: आधी वाक्य लिहा, मग सूत्र

एनसीईआरटीच्या बारावीच्या गणितातून २०२२-२३ मध्ये द्विपद वितरण, म्हणजे ठरावीक प्रयत्नांत अमुक इतकी यशं येण्याच्या संभाव्यतेचं गणित, वगळलं गेलं. मध्य प्रदेश बोर्डातही तीच पुस्तकं चालतात. त्यामुळे इंदूरला बी.एस्सी.त संख्याशास्त्र घेणाऱ्यांची या विषयाशी पहिली गाठ थेट कॉलेजात पडते, आणि तिथे तो झरझर पुढे सरकतो. रामबागेत संध्याकाळी माझ्याकडे अशी मुलं येतात. हुशार असतात, पण आकडे दिसले की लगेच सूत्रात भरायला घेतात.

म्हणून माझ्याकडे पहिली ओळ शब्दांतच लिहायची. एक प्रयत्न म्हणजे काय? यश कशाला म्हणायचं? असे प्रयत्न किती?

समजा पाच प्रश्न आहेत, प्रत्येकाला चार पर्याय, आणि सगळी उत्तरं अंदाजानेच दिली. किमान चार बरोबर येण्याची संभाव्यता किती? प्रयत्न म्हणजे एक प्रश्न, यश म्हणजे बरोबर उत्तर. यशाची संभाव्यता पी = १/४, अपयशाची क्यू = ३/४. 'किमान चार' म्हणजे चार किंवा पाच, हेही लिहून काढा. नेमके चार बरोबर: चुकणारा प्रश्न पाचांपैकी कोणताही असू शकतो, म्हणून ५ × १/२५६ × ३/४ = १५/१०२४. पाचही बरोबर: १/१०२४. बेरीज १६/१०२४, म्हणजे १/६४. 'किमान एक बरोबर' विचारलं असतं, तर पाच पदांची बेरीज करत बसू नका. एकही बरोबर न येण्याची संभाव्यता २४३/१०२४. ती १ मधून वजा केली की ७८१/१०२४.

हेच द्विपद सूत्र: गुणक × पीचा यशांइतका घात × क्यूचा अपयशांइतका घात. त्यातला सुरुवातीचा गुणक (वरचा ५), म्हणजे तेवढी यशं किती प्रकारे येऊ शकतात ती संख्या, पाठ करण्यापेक्षा बनवायला शिका. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त सहा रसांचे (चवींचे) किती मिश्र प्रकार होतात हे काढलंय. एकच रस घेतला तर ६ भागिले १ म्हणजे ६. दोन रसांसाठी त्याला ५ ने गुणून २ ने भागा: १५. मग ४ ने गुणून ३ ने भागा: २०. पुढे १५, ६, १. हाताने एकदा केलंत की फॅक्टोरियलची (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराची) भीती राहत नाही. मला ही रीत फार प्रिय आहे, आणि ११५० सालची असली तरी परीक्षेत आजही वेळ वाचवते.

सूत्राला हात लावण्याआधी एक गोष्ट मात्र तपासायलाच हवी: पी प्रत्येक प्रयत्नात तोच राहतो का? सियागंज बाजारातून आणलेल्या २० बल्बच्या खोक्यात ५ खराब आहेत. चार काढायचे, परत ठेवायचे नाहीत. पहिला चांगला निघण्याची संभाव्यता १५/२०, तो चांगला निघाला तर दुसऱ्याची १४/१९. पी बदलला, द्विपद वितरण लागू होत नाही. चारही चांगले निघण्याची खरी संभाव्यता सुमारे ०.२८२ येते; परत ठेवत गेलात तर ०.३१६. उत्तर 'जवळपास बरोबर' दिसतं, म्हणूनच ही चूक लवकर पकडली जात नाही.

आता बीजगणित. पाच प्रयत्नांत तीन यशांची संभाव्यता दोन यशांच्या चौपट आहे, पी काढा. गुणक वरच्याच रीतीने: ५, १०, १०. डावीकडे १० × पीचा घन × क्यूचा वर्ग. उजवीकडे ४ × १० × पीचा वर्ग × क्यूचा घन. इथे मुलं काटाकाट करतात आणि पुढे जातात. थांबा. पीच्या आणि क्यूच्या वर्गाने भागताय, तर दोन्ही शून्य नाहीत हे आधी लिहा. पी ० किंवा १ असेल तर दोन्ही बाजू शून्य होतात आणि समीकरण तेव्हाही खरंच ठरतं! म्हणून 'पी ० आणि १ च्या दरम्यान' ही अट त्या पायरीशेजारीच हवी. मग उरतं पी = ४ × क्यू, आणि दोघांची बेरीज १, म्हणून पी = ४/५.

ताळा करा: तीन यशांसाठी ६४०/३१२५, दोन यशांसाठी १६०/३१२५. चौपट आहे.