रेड्याला हात नसतात: छोटा कोडं-गेम बनवताना चित्रांचं काय करायचं

गेम बनवायचाय, पण चित्र काढता येत नाही म्हणून अडलंय, असं मला निदान चार-पाच जणांनी सांगितलंय. देवगडला आमच्या वाडीतल्या दोन मुलांनी तर खेळाचा एकही नियम ठरायच्या आधी चित्रकार शोधायला घेतला होता. त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी दोन हंगाम खपून एक कोडं-गेम पुरा केलाय. चित्रं कुठे लागतात आणि कुठे अजिबात लागत नाहीत, ते त्यात मला नीट कळलं.

माझा गेम साधा आहे. मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडमध्ये, आंब्याच्या पेट्या इकडेतिकडे पडल्यात, बाहेर टेम्पो उभा. पेट्या ढकलत दारातून टेम्पोत घालायच्या. गाडी राजापूर, चिपळूण, पनवेल अशी जाणार, म्हणून पनवेलची पेटी सगळ्यात आधी आत आणि राजापूरची शेवटी, फाळक्याजवळ. आंब्याची गाडी भरणाऱ्या प्रत्येकाला हा क्रम पाठ असतो. ढकलण्याची कल्पना जुनी आहे. जपानच्या हिरोयुकी इमाबायाशी यांचा ‘सोकोबान’ १९८२ साली आला, त्यात गोदामातला कामगार पेट्या ढकलतो. ओढता येत नाहीत. सगळं कोडं त्या एका बंधनात आहे, कारण पेटी कोपऱ्यात गेली की अडकलीच.

पहिलं काम कॉम्प्युटरशिवाय करा. मी खळ्यात कोळशाने सहा बाय पाच घरं आखली. पेट्यांच्या जागी काडेपेट्या, ढकलणाऱ्याच्या जागी सुपारी, भिंतींच्या जागी जांभ्याचे खडे. चुलतबहिणीला समोर बसवलं. मी मांगराला तीन दारं ठेवली होती आणि ती दोन मिनिटांत सोडवून मोकळी झाली, कारण तीन दारं असली की आडव्या आलेल्या पेटीला वळसा घालून जाता येतं. दोन दारं खड्यांनी बुजवली. मग ती पहिल्यांदा गप्प बसली, सुपारी हातात धरून नुसती बघत राहिली, आणि अर्ध्या तासाने ‘अजून एक मांड’ म्हणाली. ही ‘अजून एक मांड’ येईपर्यंत पुढे जाऊ नका. काडेपेट्यांवर जो खेळ दुसऱ्यांदा खेळावासा वाटत नाही, तो रंगवून कुणी खेळत नाही.

मग पझलस्क्रिप्ट उघडा. स्टीफन लाव्हेल यांनी २०१३ साली आणलेलं हे कोडं-गेम बनवायचं साधन फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. यात प्रत्येक वस्तूचं चित्र ५ बाय ५, म्हणजे फक्त २५ ठिपक्यांचं असतं, आणि नवशिक्याला याचा फार फायदा होतो. चित्रावर आठवडा घालवायचा म्हटलं तरी घालवता येत नाही. ‘खेळाडू पेटीकडे सरकला की पेटीही त्याच दिशेने सरकते’ हा अख्खा नियम एका ओळीत लिहून होतो. बाणांनी हलायचं, झेड दाबला की एक चाल मागे, आर दाबला की लेव्हल पहिल्यापासून, हे सगळं तयारच मिळतं. पुढे दुसऱ्या कशात गेम बांधलात तरी ती ‘चाल मागे’ची सोय सोडू नका. चुकल्यावर सगळं पुन्हा करावं लागलं की माणूस नवीन काही करून बघायला घाबरतो, आणि कोडं तर करून बघितल्याशिवाय सुटत नाही.

आता चित्रांचा प्रश्न. वरून पडणारे तुकडे रचायचा टेट्रिस पहिल्यांदा मॉस्कोत ज्या इलेक्ट्रोनिका ६० मशीनवर बनला, त्यावर ग्राफिक्स नव्हतेच. अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी चौकटी कंसांची चिन्हं शेजारी शेजारी मांडून तुकडे दाखवले, आणि लोक तेही तासन् तास खेळले. याउलट २०१४ चा मॉन्युमेंट व्हॅली हा गेम घ्या. त्यात लांबचे दोन जिने एका कोनातून बघितले की जोडलेले दिसतात आणि मग खरंच जोडले जातात. तिथे चित्र काढून घेतलं तर कोडंच उरत नाही. म्हणून आपला खेळ नजरेवर चालतो की नियमावर, हे आधी ठरवा. नजरेवर चालत असेल तर चित्रकार पहिल्या दिवसापासून हवा. माझ्यासारखा नियमावर चालत असेल, तर चित्राकडे एकच काम असतं: नियम न बोलता सांगणं.

हे मला काकांनी शिकवलं. मी ढकलणारा म्हणून माणूस काढला होता, डोकं, धड आणि बाजूला दोन ठिपक्यांचे दोन हात. काकांनी पहिलीच पेटी कोपऱ्यात घातली आणि फोन माझ्यापुढे धरला. ‘ह्येका हात आसत मा? मगे पेटी ओढूक कित्याक येणा नाय?’ मी त्यांना नियम समजावला. दुसऱ्या दिवशी काकू तेच म्हणाली. तिसऱ्याने विचारल्यावर मी समजावणं सोडलं आणि माणूस काढून टाकून रेडा केला. वरच्या ओळीत दोन टोकांना दोन पांढरट ठिपके म्हणजे शिंगं, मध्ये काळं कपाळ, डोकं खाली घातलेलं. चार दिशांना अशी चार चित्रं. त्यानंतर एकानेही ओढण्याबद्दल विचारलं नाही. टक्कर देणारा रेडा आमच्याकडे सगळ्यांनी बघितलेला असतो, तो काय करतो हे सांगावं लागत नाही. नियमातलं एक अक्षर बदललं नव्हतं.

खेळणाऱ्याशेजारी बसलात की तोंडाने काही सांगू नका, हेही त्यातच आलं. तो जे विचारतो ते लिहून ठेवा. एकच प्रश्न तिघांनी विचारला तर दोष चित्राचा धरा.

रंगांचं तसंच. मांगराची जमीन मी जांभ्याच्या रंगाची केली होती, त्यावर लाकडी रंगाच्या पेट्या. रात्री लॅपटॉपवर फार सुंदर दिसायचं. एप्रिलमध्ये सकाळी अकराला काकांनी तोच गेम खळ्यात उघडला, तर ‘काय दिसणा नाय गो.’ उन्हात दोन्ही रंग एक झाले होते. मी जमीन पेंढ्याच्या फिक्या रंगाची केली. तुम्ही स्क्रीनशॉट काढून तो काळा-पांढरा करून बघा. त्यात पेटी जमिनीपासून वेगळी दिसली तरच रंग ठेवा.

पनवेलची पेटी लाल आणि चिपळूणची हिरवी होती, तीही बदलावी लागली. माझा चुलतभाऊ, जो आंबा नुसता वासावरून आणि देठाजवळ दाबून ओळखतो, तो प्रत्येक वेळी याच दोन पेट्यांत चुकायचा. त्याला लाल-हिरवं वेगळं दिसतच नाही, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही. हा दोष पुरुषांत पुष्कळ जास्त असतो, कारण त्याचा जीन एक्स गुणसूत्रावर आहे. आता पनवेलच्या पेटीवर त्रिकोण आहे, चिपळूणच्या पेटीवर गोल, राजापूरच्या पेटीवर आडवी पट्टी. रंग आहेतच, पण एकट्या रंगावर काही सोपवलेलं नाही.

त्याआधी पेट्यांवर आकडे टाकून बघितले होते. मराठी १ आणि ९ पाच ठिपक्यांत अगदी सारखे दिसतात. अक्षरांचेही हाल होतात, ‘चि’ची वेलांटी शिरोरेघेत मिसळून जाते. देवनागरी वापरायचीच असेल तर दुसरं साधन घेऊन घर निदान १६ बाय १६ ठिपक्यांचं घ्या.

फोनवर न्यायचं झालं तर गोडो इंजिन हे गेम बांधायचं साधन वापरा. तेही फुकट आणि मुक्त आहे. एवढं एक सांभाळा: बोट लावायची जागा ४८ डीपीपेक्षा (डीपी हे फोनच्या पडद्यावरचं माप), म्हणजे साधारण ९ मिलिमीटरपेक्षा लहान नको. चिकाने जाड झालेल्या काकांच्या अंगठ्याखाली माझी पहिली बटणं दोन-दोन दाबली जायची.

सावल्या, आंब्याची पानं, टेम्पोवरची नक्षी मी सगळ्यात शेवटी, तीन संध्याकाळांत काढली. मला ती आवडतात आणि तीही काढावीत. पण पंधरावी लेव्हल काकांना अजून सुटलेली नाही. तिथे मी दार उजळ करून बघितलं, पेट्या मोठ्या करून बघितल्या, काही फरक पडला नाही. काल पुन्हा काडेपेट्या मांडल्या तेव्हा दिसलं की दाराजवळचा एक खडा एक घर डावीकडे सरकवायला हवा.