मुंबईत खोली घेतलीत? आधी गॅसची नळी बघा

लोकलचा पास कुठे काढायचा, डिपॉझिट किती, पाणी किती वाजता येतं, हे सांगणारे तुम्हाला शंभर भेटतील. गॅसच्या नळीबद्दल कुणी बोलत नाही. मी २००३ साली कराडहून आलो, कुर्ल्यात चौघांत एक खोली होती. आमची नळी आधीच्या भाडेकरूंनी सोडलेली, हिरवी, चिकट झालेली. तीन वर्षं तिच्यावर भात शिजला. काही झालं नाही ते नशीब, हुशारी नव्हे.

खोलीत पाऊल टाकलंत की पहिलं काम म्हणजे जुनी नळी काढून नवी घ्यायची. केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली, जिला एजन्सीवाले सुरक्षा होज म्हणतात तीच. तिच्यावर आयएसआयचा शिक्का, आयएस ९५७३ हा नंबर आणि बनवल्याचं साल छापलेलं असतं. त्या सालापासून पाच वर्षं, मग बदली. वरून कितीही चकचकीत दिसली तरी बदली. फुटपाथवर मीटरने कापून मिळते ती घेऊ नका. आपल्याकडची पोरं पन्नास रुपये वाचवायला ठाण्यापर्यंत जातील, आणि खोलीतल्या सगळ्यांचा जीव त्या पन्नासात टांगतील. मीही त्यातलाच होतो, म्हणून बोलतो.

आता माझी चूक. २०१४ साली भांडुपला स्वतःचं वन रूम किचन झालं आणि अंगात आलं. ओट्याखाली ट्रॉल्या बसवायच्या! सुतार म्हणाला, सिलेंडर आत ढकलू, किचन कसं मोकळं दिसेल. त्याने प्लायला भोक पाडलं. नळी अपुरी पडली म्हणून दोन तुकडे मधे पितळी जोड टाकून जोडले आणि ताटांच्या ट्रॉलीमागून वर शेगडीला नेले. दार लावलं की सगळं झाकलेलं. पाहुणे वा वा म्हणाले. ट्रॉली दिवसातून वीस वेळा आत-बाहेर व्हायची आणि दर वेळी तिची पट्टी नळीला घासायची. वर्षभरात रबर जाऊन आतली तार उघडी पडली.

एका पहाटे डब्याच्या घाईत बायको उठली. दिव्याच्या बटणाकडे हात गेला होता, तेवढ्यात वास आला. तिने हात मागे घेतला, अंधारातच खिडकी उघडली, दार उघडलं आणि मग मला हलवलं. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. आमचा तर बंद कपाटातच साचला होता. बटण दाबलं असतं तर ठिणगी पडली असती. बटण लावायचं नाही तसंच बंदही करायचं नाही. पंखा नाही, फ्रिज नाही, एक्झॉस्ट तर अजिबात नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि घराबाहेर येऊन १९०६ ला फोन. सिलेंडरच्या गॅसगळतीसाठीचा हा नंबर चोवीस तास चालतो. आमच्या ट्रॉल्या बावीस हजारांच्या होत्या, नंतर निम्म्या उखडून भंगारात दिल्या.

तेव्हा नळी डोळ्यांसमोर असू द्या. भिंतीतून नको, कपाटातून नको, शेगडीच्या मागून ज्वाळेजवळून तर नकोच. मधे जोड नको. दीड मीटरच्या आत पुरत नसेल तर सिलेंडर सरकवा, नळी वाढवू नका. तिच्यावर पडदा, कापड, प्लास्टिक गुंडाळू नका. चाळीत उंदीर रबर कुरतडतात, झाकलं तर कळणारच नाही. सिलेंडर उभा आणि शेगडीपेक्षा खाली. नळी नोझलवर शेवटपर्यंत सरकवायची. घट्ट जात नाही म्हणून टोक लायटरवर तापवणारे महाभाग मी पाहिलेत. बसवल्यावर साबणाचा फेस सांध्यांना लावा. बुडबुडा फुगला तर गळती. काडी ओढून तपासणारा आमच्या मजल्यावर एक होता. सहा महिने त्याला भुवया नव्हत्या.

बिल्डिंगबाहेर पाइप चढलेले दिसले आणि किचनमध्ये मीटर असला तर तुमच्याकडे महानगर गॅस या कंपनीची पाइपलाइन आहे. हा गॅस हलका, तो वर जातो, म्हणून वरची खिडकी उघडी हवी. पावसाळ्यात मुंबईकर सगळं गच्च बंद करून बसतात. शेगडीजवळच्या कॉकचा दांडा पाइपच्या रेषेत असला तर चालू, पाइपला आडवा असला तर बंद. रात्री आडवा करा. लाइन हलवायची असली तर कंपनीचाच माणूस बोलवा, नाक्यावरचा प्लंबर नव्हे. शेजाऱ्याला विचारा, तो नंबर देईल. मुंबईचा शेजारी विचारलंत तर अर्ध्या रात्री धावेल, न विचारता मात्र एक शब्द बोलणार नाही.

गावाहून सिलेंडरवरची शेगडी आणलीत तर या लाइनवर ती तशीच चालणार नाही, जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं, बदलून घ्यावे लागतात.

पत्त्याचा पुरावा नाही म्हणून गल्लीत छोट्या बाटल्यांत गॅस भरून देणाऱ्याकडे जाऊ नका. पाच किलोचा छोटा सिलेंडर एजन्सीत नुसत्या ओळखपत्रावर मिळतो.

आणि जुनी नळी फेकताना मधोमध कापून फेका. आम्ही कुर्ल्याची ती हिरवी नळी कचऱ्यात तशीच टाकली होती. दोन दिवसांनी समोरच्या खोलीतल्या शेगडीला लावलेली दिसली, आमच्या बाजूच्या चिकट डागासकट.